आचार आणि आश्चर्य : प्रस्तावना

देशोदेशींच्या चमत्कारिक चालीरीतींचा संग्रह करण्याची हौस फार जुनी आहे. प्रवाशांनी, धर्मोपदेशकांनी, सरकारी अंमलदारांनी आणि अलीकडच्या काळात छायाचित्रकारांनी ती आपापल्या परीने भागविली. त्यांच्या श्रमांचे फळ म्हणून आज कोणत्याही जिज्ञासू वाचकास घरबसल्या हे समजते की, मादागास्कर बेटाच्या मध्यवर्ती डोंगराळ मुलखातील लोक काही वर्षांच्या अंतराने आपल्या पितरांची कलेवरे थडग्यांतून बाहेर काढतात, त्यांच्याभोवती नवी रेशमी वस्त्रे गुंडाळतात आणि वाद्यांच्या गजरात त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. स्पेनमधील कास्त्रीयो दे मुर्सिया या खेड्यात तान्ह्या बालकांना भररस्त्यात गाद्यांवर निजवून सैतानाचे सोंग घेतलेला पुरुष त्यांच्यावरून उड्या मारीत जातो. आणि बाली बेटावर वर्षाच्या पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, विमानतळदेखील चोवीस तास बंद ठेवला जातो. ही माहिती खरी आहे, आणि ती गोळा करणाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि असले संग्रह वाचून हातावेगळे केल्यावर मनात विस्मयाखेरीज फारसे काही उरत नाही, अशी खंत मला दीर्घकाळ वाटत आली आहे.

याचे कारण शोधू गेल्यास ते त्या चालीरीतींत सापडत नाही, त्या सांगण्याच्या पद्धतीत सापडते. मादागास्करचा तो उत्सव थंड आणि कोरड्या हंगामातच का होतो, त्यासाठी एकेक कुटुंब वर्षानुवर्षे पैसा का साठविते, जमलेल्या शेकडो आप्तांना भात आणि मांस कोण वाढते, आणि एरवी दूरदूर विखुरलेले भाऊबंद त्या एका दिवशी थडग्यापाशी येऊन कोणते तंटे मिटवितात, हे न सांगता केवळ कलेवरांचे नृत्य तेवढे सांगितले, म्हणजे वाचकाच्या हाती माणसे येत नाहीत, एक चित्र येते. बालीच्या त्या निःशब्द दिवसाविषयी लिहिताना, तो शक संवत्सराचा पहिला दिवस आहे आणि आपण गुढी उभारून ज्या शालिवाहन शकाचे स्वागत करतो त्याच गणनेतला तो आहे, हे क्वचितच कोणी नमूद करतो. वास्तविक 22 मार्च 2023 रोजी शके 1945 चा आरंभ महाराष्ट्रात गुढ्यांनी आणि बालीमध्ये मौनाने एकाच दिवशी झाला. कोणताही आचार आपल्या पंचांगापासून, आपल्या पिकापासून आणि आपल्या शेजाऱ्यांपासून तोडून मांडला की तो विक्षिप्त दिसू लागतो. आणि पुन्हा त्या तिहींमध्ये नेऊन ठेवला की, त्यातील नवलाई नाहीशी न होता, तिचा अर्थ लागू लागतो. या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ मादागास्कर किंवा स्पेनपासून न करता पनवेलपासून करावा असे मी सुचवितो, ते याच कारणासाठी.

पनवेल हा खाडीकाठचा जुना कसबा. मुंबईहून पडावाने यावे, येथे उतरावे आणि घाट चढून पुण्यास जावे, असा परिपाठ रेल्वे होण्यापूर्वी होता. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हा या बंदराची भरभराट झाली, 1852 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, आणि पुढे 1863 साली रेल्वेने बोरघाट ओलांडला तो कर्जतवरून, म्हणून त्या भरभराटीस ओहोटी लागली. ज्या गावावरून एवढी रहदारी गेली त्या गावात नाना जातींची, नाना धर्मांची माणसे वस्ती करून राहिली यात नवल नाही. आगरी आणि कोळी येथले मूळचे. डोंगरात कातकरी व ठाकूर. पेठेत ब्राह्मण, वाणी, बोहरी, कोकणी मुसलमान. आणि या सर्वांच्या मधोमध, 1849 साली स्थापन झालेल्या बेथ-एल या प्रार्थनामंदिराभोवती, बेने इस्रायल, म्हणजे कोकणचे यहुदी. जगातील विलक्षण प्रथांचा शोध घेणाऱ्याने जगभर हिंडावे, परंतु त्यापूर्वी या लोकांच्या सणांची यादी एकदा शांतपणे वाचावी, असा माझा आग्रह आहे.

बेने इस्रायलांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत पुरण्यात आले. आणि पोथ्या, ग्रंथ, वस्तुजात सारे समुद्राने घेतल्यामुळे वाचलेल्यांजवळ जे स्मरणात होते तेवढेच राहिले. इतिहासकारांनी या आगमनाच्या काळाविषयी अनेक तर्क केले आहेत, त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. निश्चित एवढेच की, ही माणसे अष्टागरात आणि त्याच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली, गावांच्या नावांवरून किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, झिराडकर, अष्टमकर झाली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जवळ धर्मग्रंथ नव्हते. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचा आरंभ, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आपले वेगळेपण शेकडो वर्षे राखले.

त्यांच्या परंपरेत दाविद राहबी नावाच्या एका पाहुण्याची कथा आहे, ती या विषयाच्या अभ्यासकाने मनन करण्याजोगी आहे. हे लोक खरोखर यहुदी आहेत की काय, याची परीक्षा पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली आणि ती रांधण्यास सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले. कोळंबी, चिंबोरी, मुशी यांसारखे बाजूस सारले. आणि आम्ही हे खात नाही, असे सांगितले. धर्मशास्त्राचा एक श्लोकही ज्यांना ठाऊक नव्हता त्यांच्या हातांना मात्र तो नियम ठाऊक होता. मग राहबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांस शिक्षण देऊन धर्मकृत्यांसाठी नेमले आणि त्यांना ‘काजी’ म्हणण्यात येऊ लागले. कथेचा काळ कोणताही असो, मला तिच्यातील साक्षीदार महत्त्वाचे वाटतात. न्यायनिवाडा कोणत्याही दस्तऐवजावर झाला नाही, मासळीच्या टोपलीवर झाला, आणि तो स्त्रियांच्या साक्षीने झाला.

आता त्या सणांकडे वळू. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, 1937 साली, तो तेल अवीव येथे छापला गेला. या ग्रंथात जुन्या पिढीत प्रचलित असलेली सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. वर्षारंभास म्हणत नव्याचा सण. त्यानंतर लगेच खिरीचा सण, ज्या दिवशी नव्या तांदळाची नारळाच्या रसातील खीर होई. मग दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. फाल्गुनात होळीचा सण. त्यानंतर महिन्याने अनशी ढाकायचा सण, म्हणजे आंबट रसाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवण्याचा. आणि पावसाळ्यात बिरड्याचा सण, ज्याच्या आधीचे काही दिवस मांसाहार वर्ज्य असे आणि त्या दिवशी वालाचे बिरडे खाऊन उपवास सोडला जाई. ज्यांना आज आपण रोश हशाना, योम किप्पूर, पुरीम, पेसाह आणि तिशा बआव या नावांनी ओळखतो, ते हेच सण होत. परंतु त्यांची कारणे विस्मृतीत गेलेली असताना त्यांच्या तिथी मात्र पाळल्या जात होत्या, ही गोष्ट असामान्य आहे.

तिथी कशा टिकल्या, याचे उत्तर मला पंचांगात सापडते. यहुदी कालगणना आणि आपली कालगणना दोन्ही चांद्र-सौर आहेत. दोहोंत महिने चंद्राचे आणि ऋतू सूर्याचे, आणि दोहोंची सांगड घालण्यासाठी दोहोंत अधिक मास आहे, यहुदी गणनेत तो एकोणीस वर्षांत सात वेळा येतो. परिणामी त्यांचा वर्षारंभ बहुधा आपल्या घटस्थापनेच्या सुमारास पडतो, दारफाळणी दसऱ्याच्या सुमारास, पुरीम होळी पौर्णिमेच्या सुमारास आणि पेसाह चैत्री पौर्णिमेच्या सुमारास. अधिक मास वेगवेगळ्या ठिकाणी पडल्यास महिन्याचे अंतर राहते, नाहीतर एखाद्या दिवसाचे. 2024 साली 3 ऑक्टोबर रोजी घटस्थापना आणि रोश हशाना एकाच दिवशी आली आणि 12 ऑक्टोबर रोजी दसरा आणि योम किप्पूर. किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यात, ग्रंथ नाही, गुरू नाही, पंचांगकर्ता नाही, अशा स्थितीत राहणाऱ्या तेल्याच्या घरास चंद्राची कला शेजाऱ्यांच्या सणांवरून सहज कळत असली पाहिजे. गावात होळी रचली जाऊ लागली की आपलाही सण आला. हा माझा तर्क आहे, परंतु त्यावाचून हे सातत्य समजावून घेणे मला कठीण वाटते. शेजाऱ्याचा धर्म आपल्या धर्मास गिळून टाकतो, असे आपण नेहमी ऐकतो. येथे शेजाऱ्याच्या धर्माने यहुद्यांची तिथी सांभाळून ठेवली असे दिसते.

पिकाविषयीही तसेच. पनवेल, अलिबाग, पेण या भागात भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि इकडच्या वालाची कीर्ती सर्वत्र आहे. ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळला, मासेमारी थांबली, भाजीपाला महागला, की घरोघरी मडक्यांत साठविलेला वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करण्याचा क्रम आजही आहे. यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या तिथीस झाला ती तिथी, म्हणजेच तिशा बआव, आषाढ-श्रावणातल्या शुद्ध नवमीच्या आसपास येते. विध्वंसाची कथा विसरली गेली होती. शोक तेवढा शिल्लक होता. आणि त्या शोकाला कोकणच्या भूमीने त्या ऋतूत जे देऊ केले ते त्याचे अन्न झाले. हे मिश्रण पाहून ज्यास हसू येते त्याने आपल्या घरातील ऋषिपंचमीच्या भाजीचा विचार करावा.

दारफाळणीविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. आदल्या संध्याकाळी दारे लावून घेत ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडत नसत. सर्वजण शुभ्र वस्त्रे नेसत, उपास करीत, परधर्मीय माणसाशी त्या दिवशी स्पर्शही होऊ देत नसत आणि संभाषणही करीत नसत. आणि अशी समजूत होती की पितरांचे आत्मे आदल्या दिवशी घरी येतात व शिळ्या सणाच्या दिवशी परत जातात. तो दिवस मग दानधर्माचा आणि इष्टमित्रांच्या भेटीगाठींचा. शास्त्रोक्त योम किप्पूरमध्ये उपास आहे, शुभ्र वस्त्रे आहेत, पापक्षालन आहे. पितरांचे येणेजाणे असे नाही. पण ज्या प्रदेशात भाद्रपदाच्या वद्य पक्षात प्रत्येक घर पितरांना जेवू घालते, तेथे त्यानंतर थोड्याच दिवसांत येणाऱ्या या सणास पितरांची चाहूल लागली, हे स्वाभाविक झाले. मादागास्करातील नृत्य करणारे वंशज, मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी कबरींवर झेंडूची फुले आणि मेणबत्त्या मांडून मृतांची वाट पाहणारी कुटुंबे, पनवेलच्या आळीत दारे लावून बसलेले हे तेली, आणि पत्रावळीवर पिंड ठेवून कावळ्याकडे डोळे लावणारे आपण, यांतील प्रत्येकजण मृतांसाठी वर्षातील एक मुदत ठरवून देतो, त्या मुदतीत त्यांचे आतिथ्य करतो, आणि मुदत संपली की त्यांना निरोप देतो.

सर्व आचारांत मलिदा मला विशेष प्रिय आहे. एलियाहू पैगंबराच्या नावाने हा नैवेद्य करतात: भिजविलेले पोहे, त्यांत खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, आणि त्याभोवती निरनिराळी फळे, असे ताट मधोमध ठेवून प्रार्थना म्हणतात, एलियाहूचे गीत गातात, आणि मग प्रसाद सर्वांना वाटतात. लग्नाआधी, नव्या घरात जाताना, आजारातून उठल्यावर, परीक्षा पार पडल्यावर, नवस फेडताना, अशा किती तरी प्रसंगी मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. तेथे एलियाहूचा रथ भूमीस टेकून आकाशात गेला, घोड्याच्या टापेची आणि चाकांची खूण पाषाणावर राहिली, अशी श्रद्धा आहे. त्या स्थळास ‘एलियाहू हन्नबीचा टप्पा’ म्हणतात, आणि शेवात महिन्याच्या पौर्णिमेस, वृक्षांच्या नववर्षाच्या दिवशी, तेथे यात्रा भरते. जगातील यहुदी एलियाहूची आठवण पेसाहच्या रात्री द्राक्षासवाचा एक पेला भरून ठेवून करतात. कोकणच्या यहुद्यांनी त्याच्यासाठी पोह्याचे ताट भरले. द्राक्षासव येथे मिळत नव्हते, म्हणून विधीसाठी काळ्या मनुका उकळून गाळलेले सरबतही त्यांनी स्वीकारले. आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घातले, जे या किनाऱ्यावर कोणालाही मुबलक होते.

त्यांच्या पंचायतीची रचना पाहावी. प्रार्थनामंदिराचा कारभार पाहणारा मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला, जमाखर्च पाहणारा गबाई, धर्मकृत्ये करणारा काजी, प्रार्थना म्हणणारा हझान. या पाच नावांत हिब्रू आहे, अरबी आहे आणि महाराष्ट्रातल्या गावगाड्यातील पाटील-चौगुल्यांचे वतनही आहे. मंदिरास लोक मशीदच म्हणत. मुंबईत सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी 1796 साली बांधलेल्या मंदिरावरूनच तेथील मशीद बंदर हे नाव पडले असे सांगतात.

तथापि शेजारापासून जे घेतले ते सर्वच चांगले होते असे कोणी समजू नये. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पडला. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीस काळे म्हणून बाजूस ठेवण्यात येई, त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे आणि भांडी वेगळी असत. विधवांनी पुन्हा विवाह करू नये ही रूढीही, धर्मशास्त्राचा आधार नसताना, त्यांनी आसपासच्या उच्च म्हणविणाऱ्या जातींपासून घेतली. आपल्या भूमीने पोहे दिले तसे हेही दिले. प्रथांचे कौतुक करणाऱ्या ग्रंथांतून हा भाग बहुधा गाळलेला असतो, आणि त्यामुळे ते कौतुक मला अपुरे वाटते.

पनवेलच्या आगरी गावांत गेल्यास दुसरा एक आचार आढळतो, ज्याची दखल नगरवासी विद्वानांनी फारच उशिरा घेतली. तेथे लग्नाचे विधी धवलारीण चालविते. ती एक वयस्क स्त्री असते. तिला धवले पाठ असतात. देव बसविणे, हळद, मांडव, वरमाळ, प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि गाणे झाल्याखेरीज विधी झाला असे होत नाही. ब्राह्मणाच्या मंत्रांनी लग्न लागते असे ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना स्त्रीच्या मुखाने लागलेले लग्न हे आश्चर्य वाटेल. परंतु पनवेल, उरण, अलिबाग या तालुक्यांत ही नित्याची बाब होती, आणि काही घरांत अद्याप आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाल्यापासून कामोठे, कळंबोली, खारघर ही भाताची गावे शहरात गेली; विमानतळासाठी तर दहा गावे आपल्या देवळांसह उठून नव्या जागी वसली. जमिनीच्या नुकसानभरपाईची दफ्तरे काळजीपूर्वक ठेवण्यात आली आहेत. धवलारणीच्या स्मरणातील गाण्यांचे मूल्यमापन करण्यासाठी कोणतेही खाते नाही, आणि हे काम विद्यापीठांनी व आम्ही लिहिणाऱ्यांनी आपल्या शिरावर घेतले पाहिजे असे मला अंतःकरणापासून वाटते.

महाराष्ट्रात अन्यत्रही विलक्षण म्हणाव्या अशा प्रथा पुष्कळ आहेत. त्यांतील मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, सारे गाव, गुरेढोरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह, वेशीबाहेर जाऊन तीन दिवस आणि तीन रात्री रावट्यांत राहते. जातिधर्माचा भेद न करता सर्वजण जातात. आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततात. त्या अवधीत गाव भुताखेतांच्या ताब्यात असते अशी श्रद्धा आहे. बाली आपली घरे आतून बंद करून बसते, दारफाळणीची घरे आतून बंद होत, आणि आचरे घरे मोकळी टाकून निघून जाते; परंतु मनुष्याने आपल्या वस्तीवरील हक्क काही काळ सोडून द्यावा ही कल्पना तिन्ही ठिकाणी आहे. आचऱ्याच्या रावट्यांत त्या तीन रात्री सावकार आणि कूळ एकाच आभाळाखाली झोपत, याचेही महत्त्व कमी नाही.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमून वाद्यांच्या गजरात एकमेकींना यथेच्छ शिव्या देतात. त्यामागे दोन सवतींची दंतकथा सांगतात. वर्षभर जे शब्द गिळावे लागतात त्यांना एक दिवस वाट मिळते, हा समाधानाचा भाग उघड आहे, आणि त्यात कोणाला इजा होत नाही. पण सीमेपलीकडच्या मराठी मुलखातील पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून जी गोटमार होते, तिच्याविषयी मी असे लिहू शकत नाही. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, आणि ते मिळविण्यासाठी दगडांचा वर्षाव करायचा, असा तो प्रकार आहे. त्यात माणसे मेली आहेत, आणि अनेक कायमची जायबंदी झाली आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याची तजवीज प्रशासनाने करून पाहिली, ती गावकऱ्यांनी मानली नाही. प्राचीनता हा कोणत्याही प्रथेचा परवाना होऊ शकत नाही. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीस बगाड निघते. पूर्वी पाठीत गळ टोचून माणसास टांगीत, आता त्यास कापडाने बांधतात. बगाड राहिले, भैरवनाथ राहिला, गर्दी राहिली, बैलजोड्यांचा मान राहिला. रक्त तेवढे गेले. पांढुर्ण्याच्या लोकांनी बावधनकडे पाहावे असे मला वाटते.

आचार बदलतात, आणि बाहेरून आलेल्या ज्ञानानेही बदलतात, याचे उत्तम उदाहरण पुन्हा बेने इस्रायलांचेच आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. परंतु बेने इस्रायल ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांनी हिब्रू तेवढी उचलली. 1846 साली मुंबईत पेसाहची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचण्याची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 साली पुण्यास निघालेल्या हग्गादेतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 च्या सुमारास या समाजात कीर्तने होऊ लागली, ज्यांत अब्राहाम, मोशे आणि योसेफ यांची आख्याने साकी-दिंडीत रंगविली जात. ग्रंथ आल्यावर दारफाळणीचे योम किप्पूर झाले, अनशी ढाकणे मागे पडले, पितरांच्या येण्याजाण्याची समजूत ओसरली. जुने अज्ञान गेले याचे त्यांना समाधान वाटले, ते योग्यच आहे. जुनी नावेही त्याबरोबर गेली, याचे दुःख बाहेरच्या माणसास अधिक होते. मलिदा मात्र गेला नाही. त्याला कोणत्याही ग्रंथाचा थेट आधार नव्हता, आणि ग्रंथ हाती आल्यावरही त्याला कोणी सोडले नाही.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच काही धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. विवाहाच्या वेळी पिढ्यांची चौकशी होऊ लागली. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे मानलेले नाते सिद्ध करण्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले, ज्याचा निकाल 1964 साली त्यांच्या बाजूने लागला. मासळीच्या टोपलीने जे एकदा सिद्ध केले होते ते या वेळी संसदेपुढे सिद्ध करावे लागले. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत आज मराठी ऐकू येते. ‘मायबोली’ हे त्यांचे त्रैमासिक मराठीत निघत आले आहे. महाराष्ट्र शासनाने इकडे राहिलेल्या यहुद्यांना 2016 साली अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा त्यांची संख्या फारच थोडी उरली होती. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. जेथे एके काळी मंदिरात बसण्यास जागा मिळत नसे तेथे आता दहांची जुळवाजुळव करावी लागते.

इस्रायलमध्ये गेलेले बेने इस्रायल हैफा येथे कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेपाशी मलिदा करतात. कार्मेल ही बायबलातील एलियाहूची खरी भूमी. खंडाळ्याचा खडक ही त्याची कोकणातली पायरी. ज्या डोंगरावर भात कधीच पिकला नाही तेथे पोह्यांचे ताट जाऊन पोचले, आणि आता तेथील इतर यहुद्यांना तो एका दूरच्या देशातील विलक्षण प्रकार वाटतो. पंचांग तेच राहिले, पीक बदलले, शेजारी बदलले. अशा स्थितीत आचार किती काळ आपला अर्थ सांभाळतो, तो नव्या शेजाऱ्यांकडून काय घेतो आणि त्यांना काय देतो, हा प्रश्न आता लोदच्या आणि दिमोनाच्या नातवंडांत विचारला पाहिजे. पनवेल, पेण, रेवदंडा, रोहे येथील वृद्धांकडे अजून सणांची जुनी नावे, खिरीचे प्रमाण आणि बिरड्याचा दिवस यांची आठवण असेल, तर ती त्याआधी लिहून घेतली पाहिजे.